येत होता तो शब्दही गेला

काल संध्याकाळी भाचीने कॉलेजात द्यायचा रजेचा अर्ज मला तपासायला दिला. त्यात डॉक्टरांनी चार दिवसांचे औषध ‘प्रोस्क्राइब’ केल्याचे वाचले आणि माझे डोकेच फिरले. प्रिस्क्राइब म्हणजे लिहून देणे आणि प्रोस्क्राइब म्हणजे बंदी घालणे. तिला विचारले, तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, “मामा, गेल्या महिन्यापर्यंत मला हा शब्द बरोबर येत होता. क्लासमध्ये जोडी पाठ केली आणि तेव्हापासून घोळ व्हायला लागलाय.”

पोवई नाक्याजवळच्या ज्या क्लासला ती जाते, तिथे दर रविवारी सारख्या दिसणाऱ्या इंग्रजी शब्दांचे चाळीस गट पाठ करून जायचे असतात. मी तिची वही उघडली. फिकट झेरॉक्सवर एमिनंट, इमिनंट, इमनंट असे तीन शब्द एकाखाली एक आणि समोर अर्थ म्हणून ‘प्रतिष्ठित’, ‘आसन्न’, ‘अंतर्व्यापी’. पेन्सिलीने काढलेले बाण तीनदा खोडून पुन्हा काढलेले होते. ‘आसन्न’ म्हणजे काय, हे साताऱ्यातल्या एकोणीस वर्षांच्या मुलीने कोणाला विचारायचे? ‘येऊन ठेपलेला’ असा रोजच्या तोंडातला शब्द असताना असले अर्थ छापणाऱ्यांचा मला वर्षानुवर्षे संताप येत आला आहे.

दिन आणि दीन आपणही जोडीनेच शिकलो. पण तोपर्यंत ‘स्वातंत्र्य दिन’ फळ्यावर लिहून लिहून हाताला बसलेला होता, म्हणून दुसरा शब्द आल्यावर पहिला हलला नाही. इथे तीन अनोळखी शब्द एकाच दिवशी एकाच ओळीत आणून उभे करतात आणि त्यांतला एकही पक्का होण्याआधी ‘फरक लक्षात ठेवा’ म्हणून बजावतात. ओळखच नसलेल्यांतला फरक लक्षात राहणार तरी कसा?

त्याऐवजी एकेक शब्द त्याच्या गोष्टीसह द्यावा. इसवी सनपूर्व ८२ मध्ये रोममध्ये सुल्ला या रोमन सेनापतीने आपल्या शत्रूंची नावे लिहून चारचौघांत लावली. यादीत ज्याचे नाव, त्याला कोणीही ठार मारावे आणि त्याची मालमत्ता जप्त व्हावी. लॅटिनमधले ‘स्क्रिबेरे’, म्हणजे लिहिणे, प्रिस्क्राइब आणि प्रोस्क्राइब या दोन्ही शब्दांत आहे. पण ही यादी एकदा डोळ्यांपुढे उभी राहिली की प्रोस्क्राइब हा शब्द औषधाच्या चिठ्ठीत जायचा नाही. आम्हालाही शाळेत स्टेशनरीच्या दोन स्पेलिंगांसाठी (‘ए’चे म्हणजे स्थिर, ‘ई’चे म्हणजे लेखनसामग्री) ‘ई फॉर एन्व्हलप’ एवढीच खूण मिळाली. एका जागी दुकान मांडून बसणारा पुस्तकविक्रेता तो स्टेशनर आणि त्याच्याकडचा माल ती स्टेशनरी, म्हणजे स्थिर आणि लेखनसामग्री हे दोन्ही शब्द एकाच घरचे, हे एकाही मास्तरांनी सांगितले नाही.

२००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. बारा वर्षे ते शिकून आलेल्या मुलांच्या हाती, हे शब्द जिथे खरोखर वापरलेले दिसतील असा पानभर उतारा द्यायचा नाही, नुसत्या याद्या द्यायच्या, याला शिकवणे म्हणायला माझी तयारी नाही.

अर्ज मी तिच्याकडून पुन्हा लिहून घेतला. जो शब्द महिन्यापूर्वी ती सहज लिहीत होती, त्याच्या तिसऱ्या अक्षराशी पेन थांबवून तिने दोनदा माझ्याकडे पाहिले. तो राग अजून उतरलेला नाही.