‘झेपत नसेल तर गाऊच नये’ म्हणणाऱ्या अनामिक साहेबांना

मागच्या पोस्टखाली एका वाचकांची कॉमेंट आलीय, चांगली दीड पानाची. तिथंच उत्तर लिहायला बसलो तर ते एवढं वाढलं की वेगळंच टाकतोय. ज्यांनी ती पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी सांगतो, मी लिहिलं होतं की अभंग एकच असला तरी महिला भजनी मंडळाला, शाळेच्या पोरांना, पेटीवाल्याला आणि बँडवाल्याला मी वेगवेगळं नोटेशन (सूर-ताल लिहिलेला कागद) काढून देतो, आणि कार्यक्रम लग्नाचा आहे का तेराव्याचा, पहाटेचा का रात्रीचा, हे विचारल्याशिवाय तर देतच नाही. त्यावर साहेबांचं म्हणणं असं की सरगम लिहिली की सा कुठंही धरता येतो, मग पट्टी (म्हणजे सा कोणत्या सुरावर धरायचा ते) बदलली म्हणून वेगळा कागद कशाला, माझ्या पीडीएफमध्ये सप्तकाच्या (खालचं मंद्र, मधलं मध्य, वरचं तार) खुणा चुकल्यात, नोटेशनचे वीस रुपये घेणं म्हणजे विद्येचा बाजार, आणि शेवटी ते वाक्य, जसंच्या तसं देतो: “ज्याला मूळ नोटेशन झेपत नाही त्याने गाऊच नये, त्याच्यासाठी कागद सोपा करणारे ‘मास्तर’ संगीताचं वाटोळं करतात.”

नमस्कार साहेब. नाव लिहिलं असतं तर नावानं केला असता.

आधी ते ‘मास्तर’. दोनदा लिहिलंय आणि दोन्ही वेळा अवतरणात. कामून? मी कुठल्या शाळेत पर्मनंट नव्हतो, मानधनावरच होतो, तरी गंगाखेडात मला सगळे मास्तरच म्हणतात, पानटपरीवाला म्हणतो, एसटीचा कंडक्टर म्हणतो, आणि त्यातलं कोणी बोटानं हवेत अवतरण काढत नाही. टीका करा ना, कोण नको म्हणतंय. मागं एका ताईंनी माझ्या रूपक तालात एक मात्रा कमी पडल्याचं दाखवलं होतं, एका ओळीत, “दादा, सातवी मात्रा बघा बरं”, मी दहा मिनिटात दुरुस्त केलं आणि त्यांचे आभार मानले. असं पण सांगता येतं. तुम्ही “नम्र विनंती” अशी सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीला माझं शिक्षण काढलं.

तर शिक्षणाचं सांगून टाकतो, म्हणजे तुमची शंका राहायला नको. संगीताच्या परीक्षांतली मध्यमा पूर्ण. पुढं विशारदला बसलो नाही, कारण त्या वर्षी घरात बहिणीचं लग्न होतं, आणि परीक्षेची फी आणि पेटीची दुरुस्ती ह्यातलं एकच काहीतरी होणार होतं. मी पेटी दुरुस्त करून आणली. नवा भाता लावला. त्याच पेटीवर आजपर्यंत खातोय.

आता चुकलं तिथं चुकलं. दुसऱ्या पानावर अंतऱ्याच्या आधी मंद्रातला ध आहे, त्याच्या खालचं टिंब राहिलं, त्यामुळं तो ध मध्य सप्तकात गेला आणि वाजवणारा एकदम वर उडी मारणार. मान्य. मोबाइलवर टाइप करताना खालचं टिंब नुक्त्यावर भागवावं लागतं आणि कॉपी-पेस्टमध्ये कधीकधी ते गळतं, पण ते माझं दुखणं, तुम्हाला काय करायचंय. दुरुस्त केलंय, नवी फाइल चढवलीय. बाकीच्या तीन ‘चुका’ मात्र चुका नाहीत. ते पान माझ्या जुन्या वहीतून घेतलंय आणि ती वही विष्णु दिगंबर पलुस्करांच्या स्वरलिपी पद्धतीची आहे. त्यात मंद्राचं टिंब डोक्यावर असतं आणि तार सप्तकाला डोक्यावर उभी रेघ. विष्णु नारायण भातखंड्यांच्या पद्धतीत डोक्यावर टिंब म्हणजे तार, मंद्राचं टिंब खाली. म्हणजे तेच टिंब एका वहीत तळघरात नेतं आणि दुसरीत माडीवर. म्हणूनच कागद देण्याआधी समोरचा कोणत्या पद्धतीत शिकलाय ते विचारा असं मी मागच्या पोस्टच्या चौथ्या परिच्छेदात लिहिलं होतं, ते तुम्ही वाचलं नाही बहुतेक.

आता ते वाक्य. ज्याला झेपत नाही त्यानं गाऊच नये. खरं सांगू का, हे वाचून मी रात्री अकराला अंथरुणावर उठून बसलो. बायको म्हणाली काय झालं, म्हटलं काही नाही.

१९९८ साल. मराठवाडा मुक्तिसंग्रामाला पन्नास वर्षं होत होती, १७ सप्टेंबरची सगळीकडं जोरात तयारी. तालुक्यातल्या एका शाळेनं मला साठ पोरं दिली, पाचवी ते सातवीची, आणि समूहगीत बसवायला तीन आठवडे. तेव्हा मी तुमच्याच मताचा होतो बरं का. पुस्तकात छापलंय ते पवित्र, त्यातला कण पण सोडायचा नाही. गाणं मंद्रातल्या पंचमावरून उठायचं आणि अंतऱ्यात तारातल्या गंधारापर्यंत जायचं. मी स्वतः काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर सा धरून) गातो, पोरांना पण तीच पट्टी दिली, बाकी काही डोक्यातच आलं नाही. झेंडावंदन झालं, पेटी धरली, पहिली ओळ मंद्रात, आणि साठ पोरांचे ओठ हलायलेत पण माइकवर आवाज फक्त माझा आणि ढोलकीचा. मग अंतरा आला. वरच्या गंधाराला मुलींनी कशीबशी मान वर करून ओढलं, पोरं किंचाळली, आणि सातवीतला एक पोरगा, ज्याचा आवाज त्याच दिवसात फुटायला लागला होता, त्याच्या गळ्यातून असा काही सूर निघाला की पुढच्या खुर्च्यांवरचे पाहुणे हसले. गाणं संपेपर्यंत तो पोरगा शर्टाचं खालचं बटण फिरवत उभा होता, ओठ घट्ट मिटलेले. तीन आठवडे रोज सगळ्यात आधी येणारा पोरगा होता तो. परत माझ्याकडं आला नाही.

आता सांगा साहेब, त्याला झेपत नव्हतं म्हणून त्यानं गायला नको होतं, का माझ्या हातातला कागद चुकीचा होता? आणि नुसता सा फिरवून पण भागलं नसतं. सा वर नेला असता तर मंद्रातला पंचम ऐकू आला असता, पण तो वरचा गंधार अजून वर गेला असता, खाली आणला असता तर उलटं. त्या गाण्याचा पल्लाच साठ पोरांचा नव्हता. तेव्हापासून लहान पोरांच्या कागदावर मी मध्य सा ते तार सा, फार तर वरचा रे, ह्याच्या बाहेर जात नाही. एखादी ओळ बाहेर पडत असेल तर तिला वळवून आत आणतो. हे वळवणं म्हणजे तुमच्या भाषेत वाटोळं. असू द्या.

दुसरं उदाहरण महिला मंडळाचं, कारण तुम्ही त्यांना “टाळकुट्या बायका” म्हणालात, आणि ते मला जास्त लागलं. आम्ही जनाबाईच्या गावात राहतो साहेब, जरा जपून. आमच्या गल्लीतल्या मंडळाला मी पहिल्यांदा नोटेशन दिलं ते पूर्ण भातखंडे पद्धतीचं, कण, मींडेची कमान, कोमलची आडवी रेघ, समेचा (तालाच्या पहिल्या मात्रेचा) गुणाकार, खालीचं (टाळी नसलेल्या मात्रेचं) शून्य, सगळं रीतसर. मंडळातल्या थोरल्या मावशींनी चष्मा लावून ते जवळ धरलं, लांब धरलं आणि म्हणाल्या, “मास्तर, कागदावर ह्या मुंग्या कामून सोडल्या?” हसले सगळे, मी पण हसलो, पण मनात राग आला होता. मग त्यांनी त्यांची वही दाखवली. शाळेची दोनशे पानी वही, बोटाएवढी मोठी अक्षरं, शब्दावर जिथं आवाज चढवायचा तिथं वर जाणारा बाण, उतरायचं तिथं खाली, आणि जिथं दम घ्यायचा तिथं चक्क टिकली चिकटवलेली. खरी, पाकिटातली, लाल. मी विचारलं पेनानं का नाही काढत, तर म्हणाल्या लाईट गेली तर पेनाचं दिसत नाही, टिकली बोटाला लागते.

आता ह्याला तुम्ही काय म्हणणार? मी तर त्या दिवसापासून मंडळांच्या कागदावर आधी शब्द मोठे छापतो, वर फक्त समेचा सूर आणि बाण, बाकी सरगम मागच्या पानावर, ज्याला बघायची त्यानं बघावी. आणि ह्याच बाया रात्री काळी चारला दणदणीत गातात, पण काकड्याला पहाटे साडेचारला गळा उघडलेला नसतो, तेव्हा पांढरी चारला येतात, आणि रात्रीच्या चालीत ज्या वरच्या जागा असतात त्या पहाटेच्या कागदात मी ठेवतच नाही. कार्तिकात कोणत्या पण गावात उठून जा आणि ऐका. नाथषष्ठीला पैठणला चालत जाणाऱ्या दिंडीला तर कागदच देत नाही, चालताना वारा, धूळ, हातात टाळ, कागद वाचणार कोण. खिशातल्या डायरीत नुसते शब्द, चाल तोंडपाठ.

बरं, तुम्ही भातखंड्यांचं नाव घेऊन मला शिकवायलात म्हणून विचारतो, त्यांनी क्रमिक पुस्तकमालिका काढली कोणासाठी? घराण्यातल्या बंदिशी छापून टाकल्या, ज्याच्यासमोर गुरू बसलेला नाही त्याला पण कळाव्यात म्हणून. तिकडं पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला विद्यालय काढलं, चारचौघांच्या पोरांना शिकता यावं म्हणूनच ना. तेव्हा पण कोणीतरी म्हणालंच असेल की ज्याला गुरूच्या तोंडून झेपत नाही त्यानं गाऊ नये. कागद आला तोच मुळात सोपं करायला, आणि त्याला मूळ म्हणून तुम्ही देव्हाऱ्यात बसवायला निघालात. गळ्यातून आलेल्या गमकेचा, म्हणजे हलवून घेतलेल्या सुराचा, तर कागदावर अर्धा भाग पण येत नाही, मग मूळ कुठलं धरायचं?

पेटीवाल्याचं थोडक्यात. त्याचा उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर, पान उलटायला तिसरा हात नाही. म्हणून त्याचं सगळं समोरासमोरच्या दोन पानात बसलं पाहिजे, आणि मंगल कार्यालयात पंखा डोक्यावर असतो म्हणून वर दोन कपड्याचे चिमटे. हे पुस्तकात लिहिलेलं नसतं, कागद उडून वरमाईच्या ताटात पडल्यावर कळतं.

आता तुमचा तो सा फिरतो वाला मुद्दा. फिरतो. मला ते पेटीला पहिल्यांदा बोट लावलं त्या दिवसापासून माहितीय, तुम्ही नव्यानं सांगायची गरज नव्हती. पण बँडमधला ट्रंपेटवाला जर स्टाफ (पाश्चात्त्य पद्धतीचं पाच रेघांचं नोटेशन) वाचणारा असला तर त्याचा सी वाजवला की आपली काळी पाच निघते, म्हणजे त्याला आपल्यापेक्षा एक पूर्ण सूर वर लिहून द्यावं लागतं. गायक पांढरी दोनवर असला की त्याच्या कागदावर चार शार्प (चढवलेल्या सुरांच्या खुणा) येतात, आणि वरातीत घोड्याच्या पुढं चालत, कानात डीजे, चार शार्प वाचणारा माणूस मला तरी इकडं भेटला नाही. त्याच्यासाठी मी गायकालाच हात जोडतो की अर्धा सूर खाली काळी एकला या, तर एक शार्प कमी होत नाही उलट फ्लॅटमध्ये (उतरवलेल्या सुरांत) जातं, तीन फ्लॅट, पण ते त्याच्या बोटाला बसतं. आणि बरेच बँडवाले तर म्हणतात शब्द सांगा, सूर आम्ही बघतो, त्यांना कागद देणं म्हणजे त्यांचा अपमान, तिथं मी गप्प बसतो. बाकी गायकांसाठी तीन पट्ट्यांचे तीन कागद कशाला असं तुम्ही विचारलंय, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन, आत्ता वेळ नाही.

तेराव्याचं तुम्ही “कोणतं गाणं कुठं म्हणायचं हे शेंबड्या पोराला पण कळतं” असं म्हणालात. कळत नाही साहेब. मागच्या उन्हाळ्यात एका ठिकाणी तेराव्याला पेटीवाल्यानं चुकून लग्नाच्या फाइलमधलं पान काढलं, शब्द विठ्ठलाचेच होते, पण लय केरवा तालाची, दुगुणीत म्हणजे दुप्पट वेगात, आणि ढोलकीवाला पण रंगात आला. मांडवात एक म्हातारा हळूच टाळी धरायला लागला आणि त्याच्या लेकीनं त्याचा हात दाबून धरला. तेव्हापासून माझ्या फाइलींचे रंग वेगळे आहेत, लग्नाची गुलाबी, तेराव्याची पांढरी.

वीस रुपयाचं काही बोलत नाही. ज्यांच्याकडं नाहीत त्यांना मी फुकट पाठवतो, मंडळांना तर कायमच, पण ते तुम्हाला कशाला सांगायचं.

तुमची कॉमेंट मी काढून टाकणार नाही, राहू द्या तिथंच. रागात एखादा शब्द जास्त गेला असेल तर माफ करा, पण तुमचे पण मोजा. आणि माझं एक टिंब राहिलं म्हणून तुम्ही आठ ओळी लिहिल्यात, पण स्वतःच्या कॉमेंटमध्ये तीन ठिकाणी ‘भातखांडे’ असं लिहिलंय तुम्ही. मी काही म्हणालो का?