दिवे घालवा, वर्ग उजळेल

पोरांचं वर्गात लक्ष नसतं, ही तुमची तक्रार ऐकून आमचे कान किटले. उपाय सोपा आहे. पडदा खाली ओढा, दिवे घालवा आणि पॉवरपॉइंट लावा. अंधारात कोण पेंगतंय ते दिसत नाही, म्हणजे सगळे जागेच! १९८७ साली आलेलं हे साधन मुळात कंपन्यांच्या बैठकांसाठी होतं म्हणे. असेना का, माल तर आपल्यालाही खपवायचाच असतो.

स्लाइड करताना हात आखडू नका. धड्यातला अख्खा उतारा चिकटवा. मावला नाही तर अक्षर बारीक करा, शेवटच्या बाकावरच्यांना कुठे वाचायचंय? मग वर्गाकडे पाठ करून शब्दन्‌शब्द मोठ्याने वाचा. रिचर्ड मेयर नावाचे एक मानसशास्त्रज्ञ सांगतात की चित्र दाखवून समजावताना तेच बोल पडद्यावर लिहूनही दाखवले, तर डोळ्यांवर दुहेरी भार पडतो आणि शिकणं उलट बिघडतं. भल्या माणसाला पोर्शन संपवायचा नसावा.

अ‍ॅनिमेशनला तर पर्यायच नाही. समजा, हृदय शिकवायचंय. डावं अलिंद गिरक्या घेत येऊ दे, उजवं उड्या मारत. निलयं धुरातून प्रकटू देत. झडपा एकेक करून टपकू द्या आणि प्रत्येकीला टाळ्यांचा आवाज लावा. रक्त कुठून कुठे गेलं हे कुणाला नाही कळलं तरी तिसरी झडप कशी कोलांटी मारत आली, ते पोरं वर्षभर सांगतील. हेच फळ्यावर काढायचं म्हणजे आधी रेघ, मग बाण, मग चुकलं म्हणून खोडाखोड. तेवढ्यात पोरं विचार करायला लागतात आणि प्रश्न विचारतात. कुणी सांगितलीय ही आफत?

महत्त्वाचा मुद्दा नेहमी उपमुद्द्याच्या उपमुद्द्यात ठेवावा. २००३ मध्ये कोलंबिया यान फुटून सात अंतराळवीर गेले. चौकशी मंडळाने नासाच्या एका स्लाइडवरही बोट ठेवलं, कारण जिवावरचा धोका त्या मजकुराच्या गर्दीत दिसतच नव्हता. नासाला जमलं ते तुम्हाला का जमू नये? तुमच्याकडे तर नुसती परीक्षा आहे.

आणि पडद्यावर ‘नो सिग्नल’ आलं तर घाबरू नका. तो तुमचा सर्वोत्तम तास. एरवी मान वर न करणारा पोरगा उठून वायर हलवतो, मागून कुणीतरी ‘सर, इनपुट बदला’ ओरडतं, दोघी रिमोटवरून भांडतात. सहभाग म्हणतात तो हाच. अहवालात तसंच लिहा.

‘काही शंका?’ ही स्लाइड घंटेच्या ठोक्याबरोबर यावी, आधी नाही. तिच्यामागे गुलाबाच्या फुलांचं ‘धन्यवाद’. फाइल जपून ठेवा, पुढच्या वर्षी हीच चालेल. पहिल्या स्लाइडवरचं साल तेवढं बदला. तेवढं मात्र पोरं बघतात.