जुन्या बराकींचे पत्रे: फिरत्या संदेशातील दावे

बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरात फिरणाऱ्या एका संदेशात म्हटले आहे की, बेळगावच्या कॅम्पातील, म्हणजे लष्करी छावणीतील, जुन्या इमारतींचे सिमेंटचे पत्रे निरुपद्रवी आहेत, अशा पत्र्यांत घातल्या जाणाऱ्या अ‍ॅस्बेस्टॉस या तंतुमय खनिजावर देशात केव्हाच बंदी आली आहे आणि लष्कराच्या हद्दीत पर्यावरणाचे नियम चालत नाहीत. तेव्हा या इमारतींच्या पाडकामाचा बाऊ करू नये. यातील एकही विधान टिकत नाही.

बंदीचे विधान तर सरळ चुकीचे आहे. भारतात बंद झाले ते अ‍ॅस्बेस्टॉसचे खाणकाम. रशिया, कझाकस्तानातून तो आजही येतो आणि त्याचे पत्रे आजही बनतात.

छपरावरचा धडका पत्रा फारसा त्रास देत नाही, हे मान्य. मात्र पाडताना त्यावर घण बसला की तुटलेल्या कडेला राखाडी, केसाळ तंतू उघडे पडतात, आणि श्वासावाटे आत जाणारे त्याहून बारीक तंतू तर डोळ्यांना दिसतही नाहीत. फुप्फुसात रुतलेल्या अशा तंतूंमुळे होणारा कर्करोग अनेकदा २० ते ५० वर्षांनी उघडकीस येतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये या उद्योगातील कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षे जपण्यास सांगितले, त्यामागे हाच विलंब आहे. मला अधिक घोर वाटतो तो भंगारात गेलेल्या पत्र्यांचा, कारण ते कुणाच्या तरी गोठ्यावर चढतात आणि तिथे हुकांसाठी त्यांना पुन्हा भोके पाडली जातात.

लष्कराला सरसकट सूट असल्याचा दावाही नियम वाचले की गळून पडतो. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतून सांडपाणी, किरणोत्सारी कचरा, जैववैद्यकीय कचरा असे प्रकार वगळले आहेत; त्या यादीत संरक्षण खाते नाही. पळवाट आहे ती निराळ्या ठिकाणी. याच नियमांच्या अनुसूचीत टाकाऊ अ‍ॅस्बेस्टॉसची नोंद उत्पादनाच्या मथळ्याखाली असल्यामुळे, छपरावरून उतरवलेला पत्रा आपल्याला लागू नाही, असे म्हणून ठेकेदार हात वर करू शकतो. त्यातच घातक कचऱ्यासाठी उभारलेली डाबसपेटची भरावभूमी (कचरा पुरण्याची जागा) बेळगावहून सुमारे ४५० किलोमीटर दूर, बेंगळुरूजवळ आहे. तिथवरच्या वाहतुकीचा खर्च निविदेत धरला नसेल, तर पत्रे राडारोड्यात मिसळून जवळच्या खड्ड्यात जाणार, हे उघड आहे.

म्हणून पाडकामाआधी पत्र्यांची मोजणी व्हावी, ते ओले करून न फोडता उतरवावेत, जाड प्लॅस्टिकमध्ये बांधावेत आणि या साऱ्याचा खर्च निविदेत स्वतंत्र दाखवावा. धोक्याची पाटी कन्नडबरोबर मराठीतही हवी, कारण घण हाती घेणाऱ्यांत खानापूरकडचे मजूरही असतात.