दोन स्टारच्या रिव्ह्यूला मालकिणीचं उत्तर

नमस्कार. रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावरच्या या कॅफेची मी मालकीण. गेल्या शुक्रवारी तुम्ही आमच्याकडे पावणेअकरापासून सव्वातीनपर्यंत बसला होतात. रात्री दोन स्टार देऊन लिहिलंत की, बाहेर ‘इथे बसून काम करा’ अशी पाटी आहे, पण नेट दोनदा गेलं, समुद्राकडच्या टेबलावर स्क्रीन दिसेना, शेजारी म्हातारी माणसं मोठमोठ्यानं बोलत होती, आणि ऐन कॉलमध्ये वाढणाऱ्या मुलानं येऊन टेबल रिकामं करायला सांगितलं. शेवटी असंही लिहिलंत की, या लोकांना लॅपटॉपवाला नकोच आहे, त्यांना फक्त थाळीवाला हवा.

टेबलाचं आधी सांगते, कारण त्यात चूक सरळ आमची आहे. तुमचा कॅमेरा सुरू होता, समोर क्लायंट होता आणि आमचा मुलगा पाठीमागून येऊन ‘साहेब, टेबल सोडायला लागेल’ म्हणाला. मी त्याला विचारलं, त्यानं कबूल केलं. तुम्हाला आतल्या खोलीत बसा असं त्याला सांगायचं होतं, पण त्यातलं ‘आत बसा’ त्यानं सांगितलंच नाही. त्याच्यापेक्षा माझी चूक मोठी आहे, कारण हे कसं सांगायचं ते मी त्याला कधी शिकवलंच नव्हतं. त्याबद्दल मी तुमची मनापासून माफी मागते. आता समुद्राकडच्या पडवीत लॅपटॉप उघडून बसलेल्या प्रत्येकाला बसतानाच सांगतो की, साडेबारा ते अडीच इथे जेवणं असतात. कुणी कॉलवर असेल तर चिठ्ठी टेबलावर ठेवतो, बोलत नाही.

तुम्ही आत गेलात आणि तिथला चार्जिंगचा पॉइंट बंद निघाला, हेही खरं. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर आहे. खारं वारं प्लगच्या पितळेवर हिरवा थर आणतं, पत्रा खातं, पंख्याचे स्क्रूसुद्धा गंजवतं. आतले पॉइंट दर सहा महिन्यांनी बदलायचा माझा नेम आहे, या वेळी आंब्याच्या गर्दीत तो राहून गेला. शनिवारी सकाळी वायरमनला बोलावून चारही पॉइंट नवे बसवून घेतले.

नेटबद्दल मात्र मला जरा सविस्तर बोलायचं आहे. तुम्ही ‘स्लो नेट’ म्हणालात. आमची लाइन १०० एमबीपीएसची आहे आणि एका व्हिडिओ कॉलला ४ एमबीपीएसच्या आत भागतं. त्या दिवशी नेट मंद नव्हतं, ते तुटत होतं, आणि त्याची दोन वेगळी कारणं होती. बाराच्या सुमारास लाइट गेली. इन्व्हर्टर लगेच सुरू झाला, दिवे-पंखे नुसते लुकलुकले. पण तेवढ्या क्षणभरात राउटर आणि फायबरची पेटी बंद पडली आणि ती पुन्हा जाग्यावर यायला दोन मिनिटं गेली. पंख्याला ते कळलंही नाही, तुमचा कॉल मात्र गेला. या दोन डब्यांसाठी वेगळा छोटा यूपीएस मिळतो, हे मला तुमच्या तक्रारीनंतर चौकशी केली तेव्हा समजलं. तो आता बसवला आहे. सोमवारी, कॅफे बंद असताना, मी मेन स्विच पाडून पाहिला. माझ्या भाचीचा पुण्याशी लावलेला कॉल तुटला नाही.

दुसरं कारण आमचं घर. हे माझ्या आजेसासऱ्यांनी बांधलेलं जांभ्या चिऱ्याचं घर आहे, भिंती हातभर जाड. उन्हाळ्यात आत गारवा राहतो तो त्यामुळेच, आणि आतला राउटर पडवीत नीट पोचत नाही तोही त्यामुळेच. त्यात रत्नदुर्ग पाहून पर्यटक येतात, त्यांचे फोन वायफाय मिळालं की सकाळपासूनचे फोटो आणि व्हिडिओ वर चढवायला लागतात. भिंतीतून जेमतेम आलेला सिग्नल तेवढ्यात वाटला जातो. आता वायर ओढून पडवीत दुसरा राउटर लावला आहे आणि काम करणाऱ्यांसाठी पासवर्ड वेगळा ठेवला आहे.

उन्हाचं मी काही करू शकत नाही. आमची पडवी पश्चिमेला आहे. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात रत्नागिरीत सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, आणि अडीचनंतर ऊन पागोळीखालून थेट टेबलांवर उतरतं. गर्दी कमी झाल्यावर तुम्ही पुन्हा बाहेर येऊन बसलात ती नेमकी तीच वेळ. त्या उजेडापुढे कुठल्याच लॅपटॉपची स्क्रीन टिकत नाही. मशीनही तापतं, आणि तापलं की ते आपण होऊन आपला वेग कमी करतं. हवा ३५ अंशांच्या वर असताना लॅपटॉप वापरू नका, असं काही कंपन्या स्वतःच सांगतात. तुम्ही ज्या फोटोंवरून आमच्याकडे आलात ते संध्याकाळचे आहेत. पडवीतल्या दुपारच्या उन्हाचं मी कुठेच लिहिलं नव्हतं, ते आता लिहिलं आहे.

‘लॅपटॉपवाला नकोच आहे’ हे वाक्य मात्र मला लागलं, आणि ते मी मान्य करणार नाही.

ही पाटी का लागली ते सांगते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मुंबई-पुण्याहून पोरं गावाला परतली. आमच्याकडे चाकरमानी म्हणजे गणपतीला आणि शिमग्याला येणार, आठ दिवस राहणार आणि परत जाणार. त्या वर्षी पहिल्यांदा ती काम घेऊन आली आणि राहिली. पण गावात रेंज नाही. भर उन्हात सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या माळावर, छत्री धरून, कातळावर बसून मीटिंग करणारी मुलं मी स्वतः पाहिली आहेत. माझी भाची त्यांच्यातलीच एक. माझं तेव्हा इथे फक्त चहा-सरबताचं दुकान होतं. आतल्या खोलीतल्या आंब्याच्या पेट्या हलवून तिथे तिच्यासाठी एक टेबल टाकलं, मग तिची मैत्रीण आली, मग एसटीनं रोज ये-जा करणारे दोघं आले. पाटी त्यानंतर लागली. आतल्या खोलीत आजही किती वेळ बसायचं याला बंधन नाही आणि किती मागवायचं यालाही नाही. एका चहावर दिवस काढणारी मुलगी माझ्याकडे येते, मुलाखतींची तयारी करते. तिला कुणी कधी उठवलेलं नाही.

पडवी मात्र जेवणाच्या वेळी जेवणाऱ्यांची आहे. जवळच्या शाळेतल्या शिक्षिका, बँकेतले दोघं-तिघं, जेट्टीवरची माणसं अर्ध्या तासाच्या सुट्टीत येतात. त्यांना उभं राहावं लागलं तर ती उपाशी परत जातात, कारण दुसरीकडे जाऊन यायला वेळ उरत नाही. तुमच्या टेबलासाठी त्या दिवशी चौघं पायरीवर थांबली होती. आणि पैशाचंही उघड सांगते. आमचं घर चालतं ते या दोन तासांवर. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. ते ६१ दिवस ताज्या सुरमईची थाळी नसते, पाऊस असतो, पर्यटक फिरकत नाहीत, पाच जणांचे पगार मात्र द्यायचे असतात. एप्रिल-मे महिन्यातल्या दुपारी मला ते दोन महिने कमवायचे असतात. तुम्ही साडेचार तासांत दोन कॉफी आणि एक कोकम सरबत घेतलंत, त्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. जागा तेवढी साडेबारा ते अडीच मला हवी होती.

राहिली ती म्हातारी माणसं. ते चौघं निवृत्त झाल्यापासून रोज अकराला येतात. त्यांच्यातल्या एकाला कमी ऐकू येतं, म्हणून बाकीचे मोठ्यानं बोलतात. त्यांना हळू बोला असं मी सांगणार नाही. समुद्राकडे तोंड करून बसायला त्यांना दुसरी जागा नाही. तुम्हाला शांतता हवी असेल तर ती आतल्या खोलीत आहे, आणि सकाळी दहा ते चार गाणी लावणं मी बंद केलं आहे, कारण तिथे बसणाऱ्या मुलांनीही तेच सांगितलं होतं.

पाटी बदलली आहे. आता तिच्यावर असं आहे: ‘आतली खोली, दिवसभर काम. पडवी, साडेबारा ते अडीच जेवण.’ ही आधीच असती तर तुमचा शुक्रवार वाया गेला नसता.

त्या दिवशीच्या बिलाचे पैसे मी परत करायला तयार आहे, बिलावरच्या नंबरवर कळवा. स्टार बदला असं मी म्हणणार नाही, जे झालं ते तुम्ही खरंच लिहिलं आहे. पुन्हा रत्नागिरीला आलात तर आदल्या दिवशी फोन करा, आत खिडकीजवळचं टेबल ठेवते. तिथून समुद्र अर्धाच दिसतो, पण ऊन येत नाही आणि पॉइंट चालू आहे. कॅफे सोमवारी बंद असतो.