सोळा बाय सोळातला श्री

परवा माझी रजा नामंजूर झाली. मीच बनवलेल्या फॉर्मवर मागितली होती.

झालं असं की भोसरीतल्या आमच्या कारखान्यात रजेचे कागदी अर्ज हरवायचे. साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, "आउटलुकमध्येच बसवून टाक ना. दोन दिवसांचं काम." ज्याला काम करायचं नसतं त्याच्या हिशेबात कुठलंही काम दोनच दिवसांचं असतं. मला तीन आठवडे लागले. शिल्लक रजा आपोआप मोजणारा, एका शिफ्टमधल्या दोघांच्या तारखा एकमेकांवर आल्या तर ओरडणारा, रविवार वगळणारा ॲड-इन, म्हणजे आउटलुकला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, मी लिहिला. तो रविवार ओळखतो हे आजवर एकाही माणसाच्या लक्षात आलेलं नाही.

लक्षात आला तो आयकॉन.

आउटलुकमध्ये २००७ पासून फॉर्म रीजन नावाची सोय आहे. आपला फॉर्म नेहमीच्या मेलच्या जागी बसतो आणि यादीत नेहमीच्या पाकिटाऐवजी आपलं चित्र दिसतं. पण एका चित्रावर भागत नाही. न वाचलेल्या अर्जाचं वेगळं, वाचलेल्याचं वेगळं, उत्तर दिलेल्याचं, फॉरवर्ड केलेल्याचं, न पाठवलेल्याचं, अशी वरातच असते. आमच्याकडे खरं तर फॉरवर्ड केलेल्याचं एकच पुरलं असतं. यादीतलं प्रत्येक चित्र सोळा बाय सोळा, म्हणजे सगळे मिळून २५६ ठिपके. ते मी रात्री जागून, एकेक ठिपका हरभऱ्याएवढा मोठा करून भरले. छान नारळाचं झाड काढलं.

दुसऱ्या दिवशी आस्थापना विभागाचे अण्णा चहाचा कप घेऊन माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"हे काय आहे?"

"नारळाचं झाड, अण्णा. रजा म्हणजे सुट्टी, समुद्र वगैरे..."

"एकतीस वर्षं रजेचे अर्ज बघतोय. आजी वारली. पाय मुरगळला. म्हैस व्यायली. समुद्र एकदाही नाही." चहाचा घोट. "शिवाय नारळाचं. म्हणजे कोकणातल्यांना रजा, आणि लातूरच्यांनी काय करायचं?"

मी झाड पाडलं आणि कॅलेंडरचं पान काढलं.

"तारीख कुठली घातलीस?"

"३१. सहज, नुसतं चित्र म्हणून."

"महिनाअखेरीला रजा मिळते का? मिळत नाही. मग लोकांना वाटणार, मिळते." चष्मा कपाळावर गेला, परत नाकावर आला. "आणि हे शेजारी वाकडं काय?"

"क्लिप. सोबत कागद जोडलेत, असं."

"क्लिपा स्टोअरमध्ये दोन वर्षं नाहीत. टाचणी दाखव."

ती क्लिप माझी नव्हे, आउटलुकची. ॲटॅचमेंट असली की ती येतेच, हे मी सांगितलं. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू स्टोअरमधल्या क्लिपा मीच घरी नेल्यात.

मग त्यांनी तोडगा काढला. "सरळ श्री काढ. कुठल्याही कागदावर आधी श्री येतो. त्यावर कोण हरकत घेणार?"

श्री! 'अ' सांगितला असता तर काढला असता, अगदी 'ळ'सुद्धा जमवला असता. पण श्रीला श आहे, त्याच्या पोटात र आहे, वर वेलांटी, शेजारी काना, डोक्यावर शिरोरेघ. हा सगळा एकत्र कुटुंबाचा पसारा सोळा ठिपक्यांच्या उंचीत राहायला आणायचा. शिरोरेघेला एक ओळ दिली, वेलांटीला तीन. श कसाबसा बसवला, तर र ला जागाच उरेना. तेव्हा त्याची दोन ठिपक्यांवर बोळवण करून तिरका टेकवला. चार रात्री गेल्या. बायको मागून येऊन "विणकाम शिकतोयस का?" असं विचारून गेली.

पाचव्या दिवशी अण्णांना दाखवलं. ते वाकले. आणखी वाकले. कप माझ्या कीबोर्डवर कलंडता कलंडता राहिला.

"हा खेकडा कुणाचा?"

आख्खा विभाग हसला. त्यात तो ट्रेनी पोरगाही होता, ज्याच्या उशिरा येण्याची मी गेले सहा महिने सारवासारव करतोय. एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "क्यूट आहे." साहेबांनी केबिनमधून येऊन रंगाबद्दल मत दिलं. तारखा कशा तपासल्या जातात हे दाखवायला मी फॉर्म उघडला, तोवर सगळे जेवायला गेले होते.

अण्णांच्या मशीनवर ॲड-इन टाकायला गेलो तर ते म्हणाले, "आधी श्री नीट काढ, मग माझ्या मशीनला हात लाव." मी नाद सोडला. साहेबांनी मात्र परिपत्रक काढलं: पुढच्या एक तारखेपासून रजा फक्त नव्या फॉर्मवरच, कागद स्वीकारला जाणार नाही.

मिरजेला मावशीची साठीशांत होती. कोयनेचं तिकीट काढून ठेवलं होतं. फॉर्म उघडला, तारखा भरल्या, कारण भरलं. रविवार वगळला गेला तेव्हा एकटाच खूश झालो. पाठवलं.

आता, असल्या फॉर्मला स्वतःचा वेगळा मेसेज क्लास, म्हणजे मेलची जात, असतो. ज्या मशीनवर ॲड-इन नाही, तिथे आउटलुक त्या क्लासला ओळखत नाही आणि नेहमीच्या मेलसारखं उघडतं. मी भरलेले रकाने असतात आतच, पण दिसत नाहीत. मला हे ठाऊक होतं. मीच लिहिलं होतं ते. तरीही ज्या एकुलत्या एका माणसाकडे मंजुरी आहे त्याच्याच मशीनवर ॲड-इन नाही, हे पाठवताना डोक्यात आलं नाही.

अण्णांचं उत्तर आलं: "अर्ज कोरा. तारीख नाही, कारण नाही. वर श्रीसुद्धा नाही. नामंजूर."

तिकीट रद्द केलं, पैसे कापून परत आले. मावशीचा फोन अजून उचललेला नाही. पाठवलेला अर्ज मी साहेबांना फॉरवर्ड केला, त्यावर आजपर्यंत काही आलेलं नाही. यादीत मात्र खेकड्याच्या डोक्यावर लगेच निळा बाण उगवला.