म्हातारी मरत नाही म्हणून शेवट नाही?

गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एका मैत्रिणीने अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलबद्दल, म्हणजे खुनांचा उलगडा करणाऱ्या त्या म्हातारीबद्दल लिहिलं, "मिस मार्पलची शेवटची कादंबरी वाचून संपवली. ही कसली शेवटची? म्हातारी मरत नाही, काही नाही. प्रवासात वाचायला ठीक, पण याला साहित्य म्हणायचं का?" लगेच तीन अंगठे आले. एकाने लिहिलं की खून होतो तरी रक्ताचा थेंब दिसत नाही, सगळे चहा पीत बसतात, असल्या पुस्तकांनी वाचनसंस्कृती वाढत नाही, बुडते. मी इथून, इंग्लंडमधून, दोनच ओळी लिहिल्या, की मला हे अजिबात पटत नाही. त्यावर उत्तर आलं, "तू आता तिकडचीच झालीस, तुला ते आवडणारच."

म्हातारी मेल्याचं दुःख नाही पण काळ सोकावतो, तसं झालं माझं. पुस्तकाला कोणी टाइमपास म्हटलं तर म्हणू दे, पण मी इकडची की तिकडची हे त्या पुस्तकावरून ठरवायचं म्हणजे काय? त्या दिवसापासून भांडी घासताना, शिफ्टवरून घरी येताना, मनातल्या मनात मी तिला उत्तरंच देतेय.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलच्या बारा कादंबऱ्या आहेत, पहिली 1930 ची. 'स्लीपिंग मर्डर' ही शेवटची, 1976 मध्ये आली, त्याच वर्षी जानेवारीत ख्रिस्ती गेली होती. पण लिहिलेली कितीतरी आधीची, आत्मचरित्रात ती स्वतः सांगते की युद्धाच्या काळात दोन पुस्तकं लिहून ठेवली, तिचा दुसरा गुप्तहेर पॉयरो, त्याचं मुलीसाठी आणि मार्पलचं नवऱ्यासाठी, म्हणजे आपण बाँबहल्ल्यात गेलो तर मागे त्यांना काहीतरी राहावं. पॉयरोला तिने त्याच्या शेवटच्या पुस्तकात मारलं. मार्पलला मारलं नाही. मैत्रिणीची तक्रार तीच आहे, आणि मला वाटतं त्या पुस्तकातलं सगळ्यात शहाणपणाचं तेच आहे.

आता वाचनसंस्कृतीचं. इथे लायब्ररीतून पुस्तक नेलं की त्यामागे लेखकाला काही पेन्स मिळतात, 1979 चा कायदा आहे तसा, आणि तो कायदा विचारत नाही की पुस्तकात खून आहे की कविता. आमच्या लायब्ररीत शिरल्या शिरल्या समोर क्राइमची अख्खी भिंत आहे, तिथे मी आमच्या जीपीला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला, पाहिलंय आणि बॉयलर दुरुस्त करायला येणाऱ्या माणसालाही पाहिलंय, दोघांच्या हातात त्याच जातीची पुस्तकं, आणि दोघांनाही कव्हर लपवावंसं वाटत नाही. (इथल्या कितीतरी लायब्रऱ्या गेल्या काही वर्षांत बंद पडल्या हेही खरं, पण तो विषय वेगळा.) आणि आपल्याकडे? बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यांचे नायक झुंजार आणि काळापहाड घराघरात होते, माझी आत्या भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचायची, आजोबांचा मार खाऊन परत वाचायची, आणि ती स्वतः सांगायची की तिला वाचायची सवय लागली ती तिथे, शाळेत नाही. पण साहित्य म्हटलं की अर्नाळकरांचं नाव कोणी घेत नाही, घेतलंच तर कौतुक आकड्याचं. बंगाल्यांकडे बघा, सत्यजित राय यांच्यासारखा माणूस सिनेमा करता करता फेलूदा या गुप्तहेराच्या गोष्टी लिहितो आणि त्याने त्याची उंची एक इंचही कमी होत नाही. आपल्यालाच कुठून ही सवय लागली की ज्या पुस्तकाने रडवलं नाही ते हलकं?

आणि मुळात 'रक्त दिसत नाही' ही तक्रारच मला कळत नाही. रहस्यकथांच्या या प्रकाराला कोझी म्हणतात, त्याची रीतच ती आहे. गाव छोटं, सगळे एकमेकांना ओळखणारे, खून पडद्यामागे, शोधणारी व्यक्ती पोलिसातली नाही. पण त्याने भीती कमी होते का? खुनी बाहेरून आलेला नसतो, रोज बोलणारा, कोणाच्या तब्येतीची चौकशी करणारा माणूसच तो. हे ज्याला गोड गोड वाटतं त्याने ते नीट वाचलेलं नाही.

मिस मार्पल शोधते कशी ते बघा. तिच्याकडे भिंग नाही, प्रयोगशाळा नाही. कोणीही नवीन माणूस दिसला की तिला तिच्या सेंट मेरी मीड गावातलं कोणीतरी आठवतं. हा अगदी आमच्या किराणावाल्याच्या पोऱ्यासारखा, ती अगदी आमच्याकडे कामाला होती त्या मुलीसारखी. लोक हसतात, आणि ती बरोबर निघते. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा थबकलेच, कारण मी इथे सतरा वर्षं हेच करतेय. आमची वॉर्ड मॅनेजर म्हणजे हुबेहूब आमच्या चाळीतल्या तळमजल्यावरच्या काकू, आधी स्वतःचं दुखणं सांगणार, मग तुमचं काढून घेणार. समोरच्या घरातले म्हातारे गृहस्थ, कचऱ्याचे बिन्स कोणी चुकीच्या दिवशी बाहेर काढले ते खिडकीतून टिपून ठेवणारे, ते म्हणजे आमचे सेक्रेटरी. परक्या देशात माणसं ओळखायला माझ्याकडे दुसरं मापच नव्हतं. मग मैत्रीण म्हणते तू तिकडची झालीस. अगं, मी तिकडची झाले असते तर मला प्रत्येक माणसामागे आपल्या चाळीतलं माणूस कशाला लागलं असतं?

बाकीच्या अकरा मी क्रमाने वाचल्या होत्या, शेजारच्या बाईंनी चॅरिटी शॉपमधून एकेक आणून दिलेल्या. बारावी खिडकीत तीन वर्षं पडून होती. संपवायची नव्हती मला. मालिका संपली की त्या गावात जायला रस्ता उरत नाही, हे ज्याने कुठलीही मालिका मनापासून वाचलीय त्याला सांगायला नको.

या फेब्रुवारीत वाचली. त्याचं कारण ग्रुपवर मी सांगितलं नाही, इथे सांगते. जानेवारीत आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. भावाने रिकाम्या खोल्यांचा व्हिडिओ कॉल केला. आईचं लोखंडी कपाट हमाल सरकवत होते, आणि ते हललं तर मागे भिंतीवर एक हिरवा चौकोन. खोली कधीची क्रीम रंगाची, आणि कपाटामागे मात्र जुना हिरवा ऑइलपेंट तसाच्या तसा, रंगवणाऱ्याने कपाट न हलवता भोवतीने ब्रश फिरवलेला. आणि त्या हिरव्यावर, खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर, पेन्सिलने सातचा पाढा. सात नवे त्रेसष्टवर खाडाखोड. मी पूर्ण विसरले होते. भाऊ विचारतोय, फोटो काढू का, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना.

त्या आठवड्यात मी पुस्तक उघडलं. ग्वेंडा नावाची एकवीस वर्षांची मुलगी, नवीन लग्न झालेली, न्यूझीलंडहून इंग्लंडला येते, घर शोधायला. डिलमथ नावाच्या समुद्रकाठच्या गावात तिला एक घर एकदम आपलं वाटतं, घेऊन टाकते. मग तिला वाटतं बागेत इथे पायऱ्या हव्यात, माळी खणतो तर खाली पायऱ्या आहेतच. इथे दार पाडू या म्हणते, तर तिथे बुजवलेलं दार निघतं. एका खोलीसाठी ती मनात भिंतीला लावायचा कागद ठरवते, लाल पॉपी आणि निळी कॉर्नफ्लॉवर, आणि रंगाखाली बंद होऊन बसलेलं कपाट उघडतं तेव्हा आतल्या भिंतीवर तोच कागद. मी पुस्तक मिटलं. रात्रीचे दोन वाजले होते. हे त्यांचं हलकं वाचन.

ग्वेंडाला वाटतं आपण वेड्या होतोय. मिस मार्पल शांतपणे विचारते, की लहानपणी तू या घरात राहिली असशील असं तर नाही? आणि तसंच असतं. तिचा जन्म हिंदुस्तानातला, वडील तिकडे सैन्यात, आई तिथेच गेलेली. मला ते वाचताना जरा खुपलंही, की तिच्या आठवणींचा शोध इंग्लंडमध्येच सुरू होतो, आणि आपला देश पुस्तकात बोटीने जायचं यायचं ठिकाण एवढाच. पण हेही मनात आलं, की तिला परक्या देशात येऊन भिंत सापडली जिने तिला ओळखलं. मला सतरा वर्षांत इथल्या एकाही भिंतीने ओळखलेलं नाही. आणि जिने ओळखलं ती आता पाडली.

खुनी कोण ते सांगत नाही, मैत्रिणीने मात्र ग्रुपवर सांगून टाकलं, ते वेगळंच.

तिची अजून एक तक्रार होती, की लेखिकेचा घोळ झालाय, 1962 च्या पुस्तकात मार्पलची मैत्रीण मिसेस बँट्री विधवा आहे आणि या शेवटच्यात तिचा नवरा कर्नल बँट्री जिवंत. बरोबर आहे. आधी लिहून ठेवलेलं पुस्तक नंतर आलं म्हणून तसं झालं. पण क्रमाने वाचत आलं की काय होतं, गेलेला माणूस शेवटच्या पुस्तकात पुन्हा भेटतो, जसा काही मधे काही घडलंच नाही. मी निघाले तेव्हाचं घर माझ्या डोक्यात तसंच बंद करून ठेवलंय. त्यात बाबा गॅलरीत पेपर वाचतात. मी त्यांच्या शेवटच्या वेळी पोचू शकले नाही, तिकीट दुसऱ्या दिवशीचं मिळालं, म्हणून असेल, पण त्या घरात ते गेलेलेच नाहीत. मैत्रिणीला तो घोळ वाटतो. मी ते पान दोनदा वाचलं.

डिलमथ म्हणजे सिडमथ असं इकडे सगळे मानतात, आमच्या एक्झिटरहून बसने जाता येतं. मार्चमध्ये गेले. लाल कडे, गोट्यांचा किनारा, वारा असा की डोळ्यांतून पाणी. बाकावर बसून शेवटचं प्रकरण परत वाचलं. ते टॉर्कीत घडतं, जिथे ख्रिस्ती जन्मली तिथेच. सगळं उलगडलंय, आणि ग्वेंडा म्हणते की आता त्या घरात भीतीचं काही उरलं नाही, नुसतं घर आहे, आणि त्या घराला आपण आवडतो, परत जायला हरकत नाही. जिथे खून झाला त्याच घरात ते राहायला जाणार. म्हातारी बाजूला आहे, जिवंत.

यात शेवट नाही म्हणणाऱ्या माझ्या मैत्रिणीचं घर अजून उभं आहे. लग्नानंतर ती दोन गल्ल्या पलीकडे गेली, माहेरची किल्ली तिच्या पर्समध्ये असते. तिला या पानात काही दिसलं नाही यात तिची चूक नाही, हे मला त्या बाकावर कळलं, आणि तरी राग गेला नाही, अजून नाही गेलेला. भावाने नंतर फोटो पाठवला. हिरवा चौकोन जरा तिरका आलाय, पण सात नवे त्रेसष्ट वाचता येतं.