सुधीरभाऊंची साडेचार वर्षांची बॅटरी

"तीन वर्षं झाली की गाडीची बॅटरी बदलायची. विषय संपला," प्रशांत म्हणाला.

"चालून राहिली ना बे? मग काहून बदलायची?" इति सुधीरभाऊ.

नागपुरात लक्ष्मीनगरच्या टपरीवर पोह्यांवरची तर्री संपली, दुसरा चहा झाला, पण दोघांपैकी कुणीही आपलं म्हणणं सोडायला तयार नव्हतं. प्रशांत रोज बुटीबोरीला जातो, एमआयडीसीत. मागे एकदा सेकंड शिफ्ट सुटल्यावर गाडीने नुसतं टिक-टिक केलं आणि हा मध्यरात्रीपर्यंत पार्किंगमध्ये ताटकळत राहिला. तेव्हापासून त्याचा कॅलेंडरवर विश्वास बसलाय. भाऊ बँकेतून निवृत्त झालेत. त्यांची गाडी रविवारी निघते, टेकडीच्या गणपतीला जाते आणि परत पोर्चमध्ये लागते. बॅटरीला साडेचार वर्षं झालीत. कमी वापरली म्हणजे जास्त टिकणार, असा त्यांचा बँकेतला हिशोब.

गोलूचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान कोपऱ्यावरच आहे. इतका वेळ तो गप्प होता, कारण फुकट सल्ला द्यायचा नाही हा त्याचा नियम. पण हे ऐकून त्याला राहवलं नाही.

"भाऊ, अशानं इंजिन टिकते. बॅटरी नाही टिकत."

गाडी बंद असली तरी घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म, इंजिनाचा कॉम्प्युटर (ईसीयू) हे सगळे थोडा थोडा करंट ओढतच असतात. धडधाकट गाडीतही ४० मिलिअँपिअर सहज जातो. म्हणजे दिवसाला जवळपास एक अँपिअर-अवर. भाऊंची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. अडीच आठवडे हलवली नाही तर अर्धी उतरली. मुळात उतरण्यात काही नाही, उतरलेल्या अवस्थेत पडून राहण्यात नुकसान आहे. प्लेटांवर शिशाचं सल्फेट धरतं. लगेच चार्ज केली तर ते निघून जातं, पण तसंच राहू दिलं तर त्याचे कडक खडे होतात आणि मग चार्जर लावूनही सुटत नाहीत. प्लेटचा तेवढा भाग कामातून गेला.

"२०२०चा लॉकडाऊन उठला तेव्हा माझ्याकडे दुसरं कामच नव्हतं," गोलू म्हणाला. "नव्या नव्या गाड्या. सगळ्या बसलेल्या."

"मी तर दर रविवारी दहा मिनिटं स्टार्ट करून ठेवत होतो," अभय मध्ये पडला.

"एसी लावून?"

"मग काय, उकाड्यात बसू का आत?"

सेल्फ मारायला जेवढं जातं तेवढं दहा मिनिटांत भरून निघतं. आठवडाभर झिरपलेलं निघत नाही, आणि जागेवर उभ्या गाडीत एसी नि ब्लोअर चालू असेल तर अल्टरनेटरकडे, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राकडे, बॅटरीला द्यायला फारसं काही उरतच नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास वर्धा रोडला काढावी. नाहीतर महिनाभर बाहेरगावी जाताना सरळ निगेटिव्हची वायर सोडून ठेवावी. दहा नंबरचा पाना लागतो, बाकी काही नाही.

थंडीत बॅटरी मरते असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. गोलूला हे वाक्य ऐकलं की चीड येते, आणि या बाबतीत मी पूर्ण त्याच्या बाजूने आहे. नागपुरात बॅटरी मारतं ते ऊन. मे महिन्यात पारा ४५ला टेकतो, बॉनेटखाली त्याहून वर. तापमान आठ-दहा अंशांनी वाढलं की आतली रासायनिक झीज साधारण दुप्पट वेगाने होते. पाणी उडतं, पॉझिटिव्ह प्लेटची जाळी गंजत जाते. पण गरम इंजिन फिरवायला जोर कमी लागतो म्हणून तेव्हा कळत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहाच्या खाली गेला की ऑइल घट्ट होतं, बॅटरीची ताकदही घटते आणि एका सकाळी सेल्फ उचलत नाही.

"मर्डर मे महिन्यात होते, बॉडी डिसेंबरात सापडते," गोलू म्हणाला.

म्हणून तीन ते पाच वर्षं हे जे सगळीकडे सांगतात, त्यातलं पाच विदर्भात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीने धरूच नये. डिझेल गाडीने तर नाहीच. कॉम्प्रेशन जास्त असल्यामुळे तिच्या सेल्फला जोर जास्त लागतो आणि बॅटरीचा थकवा तिथे आधी उघडा पडतो.

प्रशांतची कळी खुलली. "मग मी काय म्हणून राहिलो होतो?"

"तू काढली ती बॅटरी चांगली होती," गोलू शांतपणे म्हणाला. "तुझ्या डिकीचा दिवा लागून राहिला होता त्या दिवशी. मी ती चार्जिंगला लावली, लोड टेस्ट केली, म्हणजे भार टाकून पाहिला, पास झाली. भाच्याच्या व्हॅनमध्ये अजून चालून राहिली."

"तेव्हा काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं ना बे. तू ऐकून राहिला होता का? नवीच बसव म्हणे."

रोज साठ किलोमीटर चालणारी, रोज पुरती चार्ज होणारी गाडी. वर्षं मोजून प्रशांतने पाचेक हजार घालवले आणि चालते म्हणून भाऊ निश्चिंत. बॅटरी मोजून मात्र दोघांनीही पाहिली नव्हती.

भाऊंची गाडी समोरच उभी होती. गोलूने दुकानातून मीटर आणला. टर्मिनलवर पांढरट-हिरवी पूड जमली होती, ती आधी गरम पाणी आणि खायचा सोडा टाकून धुतली. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात असं तो म्हणतो. मग मीटर लावला. १२.७ व्होल्ट.

"पाह्य!" भाऊ प्रशांतकडे बघून म्हणाले. १२.६च्या वर म्हणजे फुल चार्ज, एवढं त्यांनाही माहीत होतं.

"थांबा. तुम्ही आत्ता चालवत आणली." गोलूने हेडलाइट दोन मिनिटं लावून ठेवले, बंद केले, जरा वेळ जाऊ दिला. गाडी नुकतीच बंद केली असेल तर वरवरचा चार्ज आकडा फुगवून दाखवतो. आता मीटरवर १२.३. म्हणजे अर्ध्यापेक्षा थोडी वर, बस. "आता सेल्फ मारा."

घर्रर्र करत, जरा रेंगाळत इंजिन सुरू झालं, पण त्या दोन-तीन सेकंदांत आकडा ९.१ला जाऊन आला. चांगली बॅटरी सेल्फच्या वेळी साडेनऊच्या खाली सहसा जात नाही. इंजिन चालू असताना १४.२, म्हणजे अल्टरनेटर ठीक. हे बघणं फार गरजेचं. अल्टरनेटर तेरा-सव्वातेराच्या वर चढत नसेल तर नवी बॅटरीही महिन्यात बसते, आणि पंधराला पोचत असेल तर उकळून मरते. बरेच लोक दोन बॅटऱ्या बदलून मग अल्टरनेटरकडे वळतात.

"पण बॅटरीवरचा चार्ज दाखवणारा डोळा तर हिरवा आहे," भाऊंचा शेवटचा बुरूज.

"तो डोळा सहा सेलपैकी एकाच सेलमध्ये असते, भाऊ. बाकी पाचांचं त्याला काय माहीत?"

गोलूने पुरती चार्ज करून एकदा लोड टेस्टर लावू म्हटलं. पण त्याचा अंदाज स्पष्ट होता: होळी झालीय, ही मे बघेल, डिसेंबर बघणार नाही.

माझ्या इन्व्हर्टरची बॅटरी सात वर्षं चालते, मग हिला काय धाड भरली, असंही भाऊंनी विचारून पाहिलं. इन्व्हर्टरच्या प्लेटा जाड, ट्यूबलर. त्या तासन्‌तास थोडं थोडं द्यायला बनवलेल्या असतात. गाडीच्या प्लेटा पातळ आणि जास्त, कारण त्यांनी दोन सेकंदांत शे-दोनशे अँपिअर द्यायचे असतात. दोघींची तुलनाच नको.

अभयची गाडी सिग्नलला आपोआप बंद होते. त्याने मध्यंतरी एका दुकानात साधी बॅटरी बसवून घेतली, दुकानदाराने स्वस्तात काम केलं म्हणून खूश होता. वर्षभरात गेली. अशा गाडीला सारखं बंद-चालू होणं सोसणारी ईएफबी किंवा एजीएम जातीची बॅटरीच लागते, महाग पडली तरी. शिवाय त्या दुकानदाराने आठ महिने फळीवर पडलेला माल दिला होता. बॅटरीवर कोरलेली तारीख कुणी बघत नाही. आपल्या बॅटरीवरचा ३८बी२०एल हा कोड मात्र भाऊंनी फोनमध्ये टिपून घेतला. शेवटचं 'एल' चुकून 'आर' झालं तर टर्मिनल उलट्या बाजूला येतात आणि वायर पोचत नाही. वॉरंटीचे २४ अधिक २४ महिने लिहिलेले असतात, त्यातले पहिलेच फुकट बदलीचे. पुढच्या महिन्यांत सूट मिळते ती छापील किमतीवर, आणि बाजारात छापील किमतीला बॅटरी घेतं कोण?

एवढं झाल्यावर भाऊ तयार झाले. राहिला प्रश्न जुन्या बॅटरीचा.

"भंगारवाला तुझ्यापेक्षा दोनशे जास्त देते."

"तो ॲसिड नालीत ओतते अन् शिसं वितळवते. २०२२च्या नियमानं जुनी बॅटरी गोळा करायची जबाबदारी कंपनीची आहे. मी ती डीलरकडे परत देतो."

"ते ठीक आहे बे. दोनशेचं काय?"

"शंभर वाढवतो."

"दीडशे."

"शंभर. अन् आजचे चहा-पोहे तुमच्याकडून."

"काहून? मी एकटाच खाऊन राहिलो होतो का?"